तिथी बघून गळ टाका: बेळगावच्या मित्रमंडळींसाठी टार्पनची पहिली सहल

टार्पन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येतो तो अटलांटिककडचा राक्षस: माणसापेक्षा लांब, गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उंच उसळणारा, शंभर किलोच्याही पुढे जाणारा. तो आपल्याकडे नाही. पण टार्पनच्या जगात दोनच जाती आहेत आणि त्यांतली दुसरी आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या खाड्यांत आणि खाजणांत राहते. शास्त्रज्ञ तिला मेगालॉप्स सायप्रिनॉइडिस म्हणतात. आकाराने लहान, बहुतेक वेळा हातभर किंवा त्याहून कमी, पण उड्या मारायची रीत, वर येऊन हवा घ्यायची सवय, कडक जबडा, सगळं थोरल्या भावासारखंच. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाला हा मासा एका रात्रीच्या मुक्कामाच्या अंतरावर आहे.

शिवाय ते पाणी काही परकं नाही. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा पूर्वेला जाते, पण त्याच खानापूर तालुक्याच्या जंगलातून निघालेली म्हादई पश्चिमेला उतरते आणि गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. तिच्या खाडीत गळ टाकणं म्हणजे आपल्याच पाण्याच्या दुसऱ्या टोकाला जाणं.

हा लेख त्या मित्रांसाठी आहे ज्यांनी हिडकल धरणावर किंवा दूधगंगेच्या काठावर पिठाचा गोळा लावून, दोरीला घुंगरू बांधून रोहू-कटल्याची वाट बघितली आहे, पण खाऱ्या पाण्यात कधी उतरले नाहीत. कधीच गळ धरला नसेल तरी चालेल.

आधी तारीख, आणि तीही पंचांगातून

आपल्याकडे सहल ठरते ती सुट्टीवरून. कुणाला दुसरा शनिवार मोकळा, कुणाचं दुकान सोमवारी बंद. खाडीच्या मासेमारीत सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. खाडीतला मासा भरती-ओहोटीवर जेवतो. पाणी वाहतं तेव्हा कोळंबी आणि बारीक मासळी खारफुटीतून बाहेर ओढली जाते आणि टार्पन तोंडाशी उभा राहून ती टिपतो. पाणी थांबलं की तोही थांबतो. म्हणून भिंतीवरचं कॅलेंडर काढा, आधी तिथी बघा आणि मग त्यात बसणारा रविवार शोधा.

कोकणातला जुना हिशोब सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दिवसात दोन भरत्या, म्हणून पहाटेचे तीन आणि दुपारचे तीन, असं दोन्ही धरायचं. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. गोवा-कारवारकडे भरती या हिशोबापेक्षा थोडी लवकर येते आणि खाडीत आत जाल तशी उशिरा पोचते, त्यामुळे तासभर इकडे-तिकडे धरूनच चाला. दिवस ठरवायला हा हिशोब पुरतो. नेमकी वेळ मात्र मुरगाव किंवा कारवार बंदराच्या भरतीच्या तक्त्यावरूनच घ्या. आपल्या किनाऱ्यावर दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, तेही तक्त्यात दिसतं.

आता कोणती तिथी? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी इतक्या जोरात वाहतं की नवख्याचं आमिष जागेवर टिकत नाही आणि पाणी गढूळही होतं. अष्टमीनंतरचे दोन-तीन दिवस भांगाचे, पाणी जेमतेम हलतं. नवख्यांसाठी माझी पसंती षष्ठी-सप्तमीला, मग पक्ष शुक्ल असो वा कृष्ण. त्या दिवशी पहाटे चार-पाचच्या सुमाराला भरती पूर्ण होते आणि उजाडता उजाडता ओहोटी लागते. ओहोटीचे पहिले दोन तास आणि सकाळचा कोवळा प्रकाश एकत्र मिळणं, यापेक्षा चांगली वेळ मला माहीत नाही.

हंगाम लांब आहे. पावसाळ्यात नद्या लाल पाण्याने भरलेल्या असतात, तेव्हा जाऊ नका. गोवा आणि कर्नाटकात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते आणि त्या दिवसांत खाडीत उतरण्यात शहाणपणही नाही. दिवाळीनंतर पाणी निवळतं. होळीनंतर ते तापतं आणि टार्पनला कोमट पाणी मानवतं. म्हणून मार्च-एप्रिल उत्तम, फक्त वळवाकडे लक्ष ठेवायचं. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

माणसं आणि पैसे

चार जण बास. खाडीतल्या लहान होडीत दोघे एका वेळी गळ फेकू शकतात. तिसरा फेकायला लागला की कुणाच्या तरी कानाजवळून गळ जातो. चार जण असाल तर दोन होड्या घ्या, किंवा दोघे होडीत आणि दोघे काठावर अशी पाळी लावा. आठ-दहा जणांचं टोळकं न्यायचं असेल तर ती वेगळी सहल, तिला मासेमारी जोडू नका.

गटात एकाला हिशोब द्या आणि वर्गणी आधीच गोळा करा: डिझेल, होडी, खोली, जेवण, आमिष. होडीवाल्याशी बोलताना भाडं तासावर की फेरीवर, इंधन त्यात धरलं का, आणि वारा उठला आणि परतावं लागलं तर काय, हे फोनवरच विचारा. खानापूर तालुक्यातल्या बहुतेक घरांची गोव्यात सोयरीक असते. अशा पाहुण्याच्या ओळखीने गावातला होडीवाला मिळाला तर त्याच्याइतका चांगला वाटाड्या नाही. त्याला “मामा, आम्ही नवीन, तुम्ही सांगाल तिथे थांबतो” एवढं मनापासून सांगा. ज्या माणसाने जन्मभर त्या खाडीत जाळं टाकलं आहे, त्याच्यापुढे मोबाईलवरचे व्हिडिओ काढून दाखवू नका.

आणखी एक गोष्ट निघण्याआधीच चौघांनी ठरवायची: होडीत दारू नाही. गोव्याला जातोय म्हटल्यावर हा विषय निघतोच. संध्याकाळी खोलीवर ज्याचं त्याने बघावं. पाण्यावर, हातात धारदार गळ असताना, अजिबात नाही.

कुठे जायचं

पहिल्या सहलीला मांडवी-जुवारीचा पट्टा सोयीचा. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, साखळी असं उतरलं की पणजी साधारण 110 किलोमीटर. अनमोड घाटाने गेलात तर चाळीसेक किलोमीटर वाढतात, पण खानापूर-लोंढ्याकडच्या मित्राला तोच रस्ता जवळचा. घाट दिवसाउजेडी उतरा. आदल्या दुपारी निघून खाडीजवळ मुक्काम करणं हेच खरं. मध्यरात्री निघून, डोळे चोळत पहाटे होडीत बसणारा माणूस नऊ वाजता पेंगतो. कारवारच्या काळी नदीची खाडीही सुंदर आहे. रामनगर, जोयडा, कद्रा या रस्त्याने जाताना व्याघ्र प्रकल्पाचं जंगल लागतं, तिथे वाटेत गाडी थांबवून ओढ्यात गळ टाकायचा नाही.

खाडीच्या मोठ्या पात्रात टार्पन शोधत बसू नका. त्याच्या पोटातली हवेची पिशवी घशाला जोडलेली असते आणि ती फुप्फुसासारखं काम करते. त्यामुळे प्राणवायू कमी असलेल्या, काळपट, संथ पाण्यातही तो मजेत राहतो, जिथे त्याला खाणारे मोठे मासे टिकत नाहीत. म्हणजे शोधायच्या जागा या: खारफुटीतून येणाऱ्या लहान ओहोळाची तोंडं, पुलाच्या खांबांची सावली, जेट्टीवरच्या दिव्याखालचं पाणी आणि खाजणाच्या बांधाबाहेरची कोंड.

खाजणाबद्दल जरा थांबून सांगतो. गोव्यात खाडीकाठची खोलगट शेतं बांध घालून राखलेली असतात आणि पाणी आत-बाहेर करायला लाकडी दारं असतात, त्याला मानस म्हणतात. ओहोटीला दार उघडलं की मासळीचा लोंढा बाहेर येतो, आणि तिथे टार्पन हमखास असतो. पण मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. ज्याने पैसे भरून तो हक्क घेतला आहे त्याच्या तोंडचा घास आहे तो. विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नका. विचारलंत तर बरेच जण “दाराच्या बाहेरच्या अंगाला टाका” म्हणून सांगतात. चोडण बेटावरच्या सलीम अली पक्षी अभयारण्यात मासेमारीचा विचारही नको. आणि मांडवी-जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवेच्या कालव्यात मगरी आहेत, तिथे होडीतून उतरायचं नाही, पाय पाण्यात सोडून बसायचंही नाही.

सामान: थोडं, पण नीट

पहिल्याच दिवशी महागडी काठी घेऊ नका. सात फुटी, मध्यम लवचिक काठी आणि 3000 किंवा 4000 मापाचं स्पिनिंग रीळ घ्या. त्यावर 15 पौंडाची विणलेली दोरी, पुढे दीड-दोन हात 20 ते 25 पौंडाची जाड नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनची दोरी. ही पुढची दोरी महत्त्वाची. टार्पनला दात नसल्यासारखेच असतात, पण जबडा कानशीसारखा खरखरीत असतो आणि बारीक दोरी घासून तुटते. आमिषात पाच ते दहा ग्रॅमचे जिग (शिशाचं डोकं असलेले गळ) आणि तीन इंची रबरी मासोळ्या, दोन-तीन लहान तरंगते मिनो, म्हणजे मासोळीच्या आकाराची टणक आमिषं. तीन टोकांचे गळ काढून एकेरी गळ लावा आणि त्याची उलटी नखी पकडीने दाबून सपाट करा. मासा सोडवायलाही सोपं, आणि गळ मित्राच्या बोटात गेला तर डॉक्टरकडे धावावं लागत नाही.

गाठ एकच शिका, युनी. ती नीट सांगतो. दोरी गळाच्या नेढ्यातून ओवा आणि वीतभर मागे घेऊन मूळ दोरीला समांतर धरा. मोकळ्या टोकाचा एक फास करा. आता ते टोक फासाच्या आतून, दोन्ही दोऱ्यांना वळसा देत पाच-सहा वेळा फिरवा. थुंकीने ओलं करा. हे विसरू नका, कोरडी गाठ घट्ट ओढली की घर्षणाने दोरी तापते आणि नेमकी तिथेच कमजोर होते. मोकळं टोक ओढून वळसे बसवा, मग मूळ दोरी हळू ओढून गाठ नेढ्यापर्यंत सरकवा. उरलेलं टोक तांदळाच्या दाण्याएवढं ठेवून कापा. दोन दोऱ्या जोडायलाही हीच गाठ समोरासमोर दोनदा मारायची, विणलेल्या दोरीकडे आठ वळसे. रात्री जेवण झाल्यावर बल्ब मालवून, चाचपडत ही गाठ मारून बघा. हाताला यायला लागली की समजा जमली.

रिळाचा ड्रॅग, म्हणजे मासा किती जोराने ओढला की दोरी सुटेल ती पकड, दोन किलोवर लावा. सामान मोजायचा आकड्याचा काटा घरात असतो, तो दोरीला अडकवून ओढा आणि दोन किलोला रीळ सुटायला लागेल इतकंच पेच आवळा.

मग मैदान गाठा. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सकाळी फिरायला येणारी मंडळी सरली की एका कोपऱ्यात वर्तमानपत्र पसरा, वीस-पंचवीस पावलं मागे या आणि गळाशिवाय, नुसतं दहा ग्रॅमचं शिसं लावून त्या कागदावर टाकायचा सराव करा. लांब फेकण्यापेक्षा नेमकं फेकणं हवं. खारफुटीच्या मुळांपासून हातभर अंतरावर आमिष पडलं तर मासा, मुळांत पडलं तर आमिष गेलं. दोन-तीन आठवडे, रोज वीस मिनिटं. हा सराव न करता जाणारे मित्र अर्धा दिवस झाडांतून आमिषं सोडवण्यात घालवतात.

पाण्यावर

होडी जागेवर आली की लगेच फेकू नका. पाच मिनिटं गप्प बसून पाणी वाचा. टार्पन हवा घ्यायला वर येतो तेव्हा पाठ किंचित वळवून परत बुडतो: चंदेरी झळक, एक हलकी गोल लाट, कधी दोन-चार बुडबुडे. एक दिसला की बहुधा तिथे आणखी असतात. तो ज्या दिशेला वळला त्याच्या दोन हात पुढे आमिष टाका. डोक्यावर टाकलंत तर सगळा थवा निघून जातो.

आमिष पडल्यावर दोरीतला झोल काढून घ्या आणि पृष्ठभागाच्या जरा खालून, सावकाश, एका लयीत ओढा. टार्पनचं तोंड वरच्या बाजूला उघडतं, तो खालून वर बघत खातो, त्यामुळे आमिष त्याच्या खाली नेण्यात अर्थ नाही. झटका बसला की काठी बाजूला एकदाच जोरात ओढायची, वर नाही. जबडा इतका हाडाळ असतो की बोथट गळ आत शिरतच नाही, म्हणून दर तासाला गळाचं टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर कानशीने धार द्या, नखात रुतलं तर ठीक. जिवंत कोळंबी लावून गोल वळणाचा सर्कल गळ वापरत असाल तर मात्र झटका देऊ नका, नुसतं रीळ फिरवत दोरी ताणा. गळ आपसूक ओठाच्या कोपऱ्यात बसतो.

मग तो उडी मारतो. इथे नवखा माणूस काठी घट्ट मागे ओढतो आणि मासा हवेत डोकं झटकून गळ फेकून देतो. उडी दिसताच काठीचं टोक त्याच्याकडे झुकवा, दोरी क्षणभर सैल सोडा, तो पाण्यात पडला की पुन्हा ताणा. जगभरचे टार्पनवाले हेच करतात, मासा अर्धा किलोचा असो की ऐंशी किलोचा. असं करूनही बरेच सुटतात. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, उडी बघायला मिळाली.

त्याच पाण्यात तांबोसा आणि जिताडाही गळाला लागतो. गोव्यात जिताड्याला चणक म्हणतात. हे दोन्ही खायला उत्कृष्ट. एखादा ठेवायचा असेल तर ठेवा, पिल्लं सोडून द्या. टार्पन मात्र सगळाच सोडा. त्याच्या अंगात बारीक काट्यांचं जाळं असतं, खाणाऱ्याला त्यात काही सुख नाही.

सोडायची पद्धत अशी. आधी हात ओले करा, कोरड्या हाताने खवल्यांवरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग लागतात. शक्यतो पाण्यातच, होडीच्या कडेला, पकडीने गळ काढा. फोटो हवाच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवा, एक हात पोटाखाली, एक शेपटीपाशी, आणि मोजून दहा सेकंदांत परत. त्या दहा सेकंदांत त्याच्याकडे नीट बघा: डोळा चेहऱ्याच्या मानाने फार मोठा, खवले घासलेल्या चांदीच्या नाण्यांसारखे, आणि पाठीवरच्या पराचा शेवटचा काटा लांब दोऱ्यासारखा मागे गेलेला. तो दोरा दिसला की ओळख पक्की. कल्ल्यात बोटं घालू नका. पाण्यात धरून ठेवा, तो स्वतःच्या जोराने निघाला की हात सोडा.

जिवाची काळजी

लाइफ जॅकेट अंगात घातलेलं हवं, बैठकीखाली ठेवलेलं नको. पोहता येणाऱ्यांनाही हे लागू आहे, ओहोटीचा ओढ तळ्यातल्या पोहण्याला ओळखत नाही. टोपी, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा, प्रत्येकी तीन लिटर पाणी. चष्मा उन्हासाठी आहेच, पण त्याहून जास्त उलट उडणाऱ्या गळासाठी.

शिंगाळा गळाला लागला तर हाताने धरू नका. त्याच्या परांच्या काट्यांत विष असतं, शेपटीत काटा असलेल्या पाकटाचंही तसंच. उथळ पाण्यात चालायचं झालं तर पाय उचलून टाकू नका, घासत पुढे न्या, म्हणजे वाळूतला पाकट आधीच सरकतो. काटा लागलाच तर ती जागा सोसवेल इतक्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायची. त्या विषाचा जोर उष्णतेने उतरतो. मग दवाखाना. काठावरच्या खडकांवर कालवं असतात, अनवाणी पाय कापून निघतो.

आणि वळीव. एप्रिल-मे महिन्यात दुपारनंतर घाटाकडे ढग जमले की गाशा गुंडाळा. कार्बनची काठी विजेला बोलावते. गडगडाट ऐकू आला की काठ्या आडव्या ठेवून काठ गाठायचा, “अजून एक फेक” म्हणायचं नाही.

परत आल्यावर काठ्या आणि रिळं गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुवा, सावलीत वाळवा. मीठ राहिलं तर पुढच्या सहलीला रीळ करकरतं.

थोरल्या टार्पनसाठी

हे जमायला लागलं की कुणीतरी म्हणणारच, मोठ्याकडे जाऊया की. जरूर जा, पण दोन-तीन हंगाम आपल्या खाडीत काढल्यावर. बेळगावातल्या बऱ्याच घरांत कुणीतरी अमेरिकेत आहे, त्यांच्याकडे जायचं निमित्त फ्लोरिडाला जोडता येतं. तिथे फ्लोरिडा कीजमध्ये एप्रिल ते जून आणि बोका ग्रँडच्या सामुद्रधुनीत मे-जून हा बहर. कोस्टारिकाचा कॅरिबियन किनाराही टार्पनसाठी नावाजलेला आहे. गळाने पकडलेल्यांत विक्रम म्हणून नोंदलेला सर्वांत मोठा टार्पन, सुमारे 130 किलोचा, पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाऊत 2003 मध्ये लागला. ही जात पन्नास वर्षांहून जास्त जगते आणि उशिरा वयात येते. धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत ती असुरक्षित म्हणून नोंदलेली आहे. फ्लोरिडात तो पकडून सोडावाच लागतो आणि 40 इंचांहून मोठा मासा पाण्याबाहेर उचलायलाही मनाई आहे.

व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून कागदपत्रं वर्षभर आधी सुरू करा. तिकडच्या उथळ पाण्यातल्या होडीत गाइडसोबत साधारण दोघेच जातात, चौघांना दोन होड्या आणि दोन गाइड लागतील, खर्च तसाच धरा. काठ्या-रिळं बहुतेक गाइड स्वतःची देतात. बुकिंग करताना चार गोष्टी विचारून घ्या: परवाना भाड्यात धरला आहे का, आमिष जिवंत की कृत्रिम, वाऱ्यामुळे दिवस बुडाला तर पैसे परत की दुसरी तारीख, आणि त्या आठवड्यात भरती कोणत्या वेळेला आहे. या शेवटच्या प्रश्नाचं नीट उत्तर न देणाऱ्या गाइडला आगाऊ रक्कम पाठवू नका.